आग लागायच्या आधीच विझवायची!

आग कशाने विझते? ‘पाण्याने!’ असं तुम्ही सगळे एका सुरात म्हणाल. बरोबर आहे. वाफ होताना पाणी आगीची भरपूर उष्णता शोषून घेतं. शिवाय एक लिटर पाण्यापासून जवळजवळ 1,700 लिटर वाफ होते आणि ती आगीभोवतीची हवा दूर सारते. उष्णता गेली, प्राणवायू गेला, की आगीचा खेळ खलास!

पण पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांमध्ये नुसत्या पाण्यावर भागत नाही. इथे तेल आहे, रंग आहेत, रसायनं आहेत. पेटत्या तेलावर पाणी मारलं तर तेल पाण्यावर तरंगत आणखी पसरतं. म्हणून अग्निशमन दलाचे जवान त्यावर फेसाचा जाड थर पसरवतात. विजेच्या यंत्राला आग लागली तर कार्बन डायऑक्साइड किंवा कोरडी पावडर वापरतात. काही धातूंची भुकटी पेटली तर गंमतच वेगळी! तापलेला धातू पाण्यातला प्राणवायूच हिसकावून घेतो, आणि सुटा झालेला हायड्रोजन भडकतो. तिथे कोरडी वाळू किंवा खास पावडरच हवी.

आता दोन दुःखद गोष्टी सांगायलाच हव्यात. 30 ऑगस्ट 2023 च्या पहाटे पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीजवळच्या पूर्णानगरमध्ये एका हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली. आत राहणारं चौघांचं कुटुंब त्यात गेलं. त्याच वर्षी 8 डिसेंबरला तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवणारा कारखाना पेटला. अनेक कामगार महिलांचा जीव गेला. ठिणग्या उडवणाऱ्या अशा मेणबत्त्यांतल्या शोभेच्या दारूत प्राणवायू पुरवणारं रसायन आधीच मिसळलेलं असतं. ती एकदा पेटली, की बाहेरची हवा तोडूनही विझत नाही. सगळं क्षणात होतं, बंब निघायच्याही आत!

मग करायचं काय? आग लागायच्या आधीच पोहोचायचं!

त्यानंतरच्या वर्षात पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या अग्निशमन विभागाने शहरातल्या दुकानांची, गोदामांची आणि कारखान्यांची अग्निसुरक्षा पाहणी केली. या कामाला कोण उतरलं, माहीत आहे? महिला बचत गटांतल्या ताया! दारोदार जाऊन त्यांनी माहिती गोळा केली. त्या वर्षातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी प्रगती हीच. बंब कितीही मोठा असला तरी तो वर्दी मिळाल्यावर निघतो. या ताया मात्र वर्दीची वाट बघत नव्हत्या.

अशा पाहणीत काय काय बघायचं असतं? पहिली गोष्ट, पोटमाळा. गरम धूर हलका असतो, तो वर चढतो. बादली तळापासून भरते, पण धुराने खोली छतापासून खाली भरत येते. म्हणजे पोटमाळ्यावर झोपलेल्याला धूर सगळ्यात आधी गाठतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपलेल्याला जागही येत नाही. म्हणून दुकानाच्या पोटमाळ्यावर कुणी झोपू नये.

दुसरी गोष्ट, बाहेर पडायची वाट. पुढचं शटर बंद असेल आणि मागे खोक्यांचा ढीग असेल, तर सुटणार कसं? तिसरी गोष्ट, भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं. त्यावरची छोटी तबकडी जवळून बघा. काटा हिरव्या पट्ट्यात असेल तर आत पुरेसा दाब आहे. लाल पट्ट्यात गेला असेल, तर वेळेला ते दगा देऊ शकतं.

आता तुमची पाळी! या रविवारी आई-बाबांना घेऊन आपल्या इमारतीत एक फेरी मारा. जिन्यात सायकली, जुन्या गाद्या, खोकी आहेत का? वरून खाली यायची दुसरी वाट आहे का? नळकांड्याचा काटा कुठे आहे? सगळं वहीत लिहा आणि सोसायटीच्या काका-काकूंना दाखवा.

कधी धूर दिसलाच, तर जमिनीलगत रांगत बाहेर पडा, कारण चांगली हवा खालीच असते. लिफ्ट वापरू नका. बाहेर आल्यावर 101 किंवा 112 ला फोन लावा, पत्ता नीट सांगा आणि काय जळतंय तेही सांगा. त्यावरूनच जवान ठरवतील, पाणी न्यायचं, फेस न्यायचा की पावडर!