नुसता नेमबाज चालेल का?

कॉलेजच्या टीम सिलेक्शनला हा वाद ठरलेलाच. एक मुलगा असतो. लांबून बॉल टाकला की थेट जाळीत! पण डिफेन्सला उभा केला की समोरचा त्याला सहज चकवून जातो. मग घ्यायचा की नाही? भंडाऱ्यात काय अन् अमेरिकेत काय, प्रश्न तोच. फरक इतकाच, की तिथे त्यावर लाखो डॉलर्स लागलेले असतात.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे जे. जे. रेडिक. ड्यूक विद्यापीठाच्या या खेळाडूने २००२ ते २००६ या चार वर्षांत २,७६९ गुण केले. शेवटच्या वर्षी तर सामन्यामागे सरासरी २६.८! अमेरिकेतली व्यावसायिक लीग म्हणजे एनबीए. तिथे दरवर्षी 'ड्राफ्ट' होतो, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. रेडिकचं नाव निघालं आणि जाणकारांत दोन तट पडले. एक म्हणे, असा हात शोधून सापडणार नाही. दुसरा म्हणे, उंची ६ फूट ४ इंच, हात आखूड, पाय संथ. हा तिथे कुणाला अडवणार? शिवाय तेव्हा कॉलेजची तीन गुणांची रेषा १९ फूट ९ इंचांवर होती, तर एनबीएची २३ फूट ९ इंचांवर. म्हणजे अंतर सरळ ४ फुटांनी वाढणार होतं.

आता आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा आधी गणित करू. जवळून मारलेल्या १०० शॉटपैकी ५० गेले, तर गुण १००. रेषेबाहेरून १०० पैकी ४० च गेले, तरी गुण १२०! जवळून मारणाऱ्याला तेवढे गुण करायचे तर १०० पैकी ६० शॉट जायला हवेत. आणि फायदा इथेच संपत नाही. असा नेमबाज कोपऱ्यात नुसता उभा राहिला, तरी विरोधी संघाचा एक माणूस त्याला चिकटून राहतो. आत बास्केटखाली जागा मोकळी होते अन् बाकीच्या चौघांचं काम सोपं होतं. स्कोअरशीटवर हे कुठेच दिसत नाही.

मग अडचण कुठे आहे? ती कबड्डीच्या उदाहरणाने लवकर कळेल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईला २०१८ मध्ये प्रो कबड्डीत यू मुंबाने ३६.४ लाखांना घेतलं, आणि २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. ही किंमत त्याच्या चढाईची होती. कबड्डीत चढाईपटू वेगळे, पकडी करणारे वेगळे, असं चालून जातं. बास्केटबॉलमध्ये तसं नाही भाऊ! तेच पाच जण हल्ला करतात आणि क्षणात वळून बचावही तेच करतात. समोरचा संघ कच्चा गडी हेरतो अन् पुन्हा पुन्हा त्याच्याच अंगावर जातो. इकडे मिळवलेले १२० तिकडे गेले, तर हाती काय राहिलं?

रेडिकला २००६ मध्ये ऑर्लँडो मॅजिकने ११ व्या क्रमांकावर घेतलं. शंका घेणारे सुरुवातीला खरेच ठरत होते. पहिल्या मोसमात सरासरी ६ गुण, दुसऱ्यात तर ४.१. पण पठ्ठ्या हटला नाही. बॉल हातात नसताना सतत धावत राहून जागा मिळवायची आणि बचावात योग्य ठिकाणी उभं राहायचं, हे त्याने घोटून घेतलं. तो १५ मोसम खेळला, आणि त्या लांबच्या रेषेवरूनही त्याचे सुमारे ४१ टक्के शॉट गेले. २०२१ मध्ये तो निवृत्त झाला आणि २०२४ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सचा प्रशिक्षक झाला.

याउलट जिमर फ्रेडेट. २०१०-११ मध्ये सरासरी २८.९ गुण करून तो कॉलेज खेळाडूंमध्ये देशात पहिला आला. २०११ च्या ड्राफ्टमध्ये त्याचा नंबर १० वा, म्हणजे रेडिकच्याही वर! पण कॉलेजात तो सतत बॉल हातात ठेवून खेळायचा. एनबीएत तेवढा बॉल मिळेना, बचावही कच्चा, त्यामुळे तिथे त्याचे पाय रोवले गेले नाहीत. पुढे चीनमध्ये मात्र त्याने खोऱ्याने गुण केले.

थोडक्यात काय, तर 'हा ऑलराउंडर आहे का?' हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायचं ते असं: याची एक कला खरोखर अव्वल आहे का? बॉल हातात नसतानाही ती संघाच्या कामी येते का? आणि बाकीच्या विषयांत हा निदान पासिंगपुरता तरी आहे का? सगळ्यात डिस्टिंक्शन कोणी मागत नाही, पण एकाही विषयात केटी लागून चालत नाही! पुढच्या सिलेक्शनला असा मुलगा आला, तर त्याला नुसतं शॉट मारायला लावू नका. दहा मिनिटं बॉल न देता खेळवा आणि बघा, तो तेव्हा काय करतो. निम्मं उत्तर तिथेच मिळेल.