डोपामिन-पेशींना जगवणारे प्रथिन



हात मांडीवर स्वस्थ ठेवला तरी थरथरतो, चाल मंदावते, अक्षर बारीक होत जाते. आपल्यापैकी काही घरांत आजी-आजोबांचा हा कंपवात सर्वांच्या परिचयाचा आहे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्यास त्यांचेच नाव मिळाले.

मेंदूत खोलवर एक छोटा काळसर भाग आहे. तेथील चेतापेशी (आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, आमच्या तोंडी अजून 'तंत्रिका' येते) डोपामिन हे रसायन तयार करतात. त्यावाचून हालचाल सुरळीत होत नाही. कंपवातात या पेशी एकेक करून मरतात. लेवोडोपा या औषधाने डोपामिनची उणीव काही प्रमाणात भरून निघते. आपल्या रानातल्या खाजकुहिलीच्या बियांतही हे द्रव्य असते. परंतु मरणारी पेशी त्याने वाचत नाही.

मग पेशीलाच जगवणारे काही असेल का? चेतापेशींची वाढ घडवणारे एक प्रथिन रीटा लेवी-मोन्ताल्चिनी व स्टॅन्ली कोहेन यांनी शोधले होते. त्यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डोपामिन-पेशींसाठी असेच प्रथिन १९९३ मध्ये अमेरिकेत सापडले. चेतापेशींना आधार देणाऱ्या ज्या 'ग्लिअल' पेशी असतात, तशा उंदराच्या पेशी ज्या द्रवात वाढवल्या होत्या, त्या द्रवामुळे डोपामिन-पेशी अधिक तगतात असे दिसले. त्यातून वेगळे काढलेले प्रथिन म्हणजे जी.डी.एन.एफ.

शरीरात ते अत्यल्प असते, म्हणून प्रयोगशाळांसाठी ते 'पुनर्संयोजित' पद्धतीने बनवतात. माणसाचे जनुक इ. कोलाय या जिवाणूत घालतात आणि जिवाणू ते प्रथिन तयार करू लागतो. प्रत्येकी १३४ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या योग्य घडी पडून एकमेकींना जोडल्या गेल्या, तरच त्याचे काम होते. चिमुकल्या कुपीत थोडी पांढरी भुकटी येते, तीही मायक्रोग्रॅममध्ये मोजलेली. एक मिलिलिटर द्रवात काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, एवढे पुरते. मूळपेशींपासून डोपामिन-पेशी घडवतानाही ते वापरतात.

एका पालकांनी आम्हांस विचारले, "सर, हे मागवता येईल का?" त्यांची तळमळ आम्ही समजू शकतो. पण त्या कुपीवर 'केवळ संशोधनासाठी' असे छापलेले असते आणि ते अक्षरशः घ्यावे. हे प्रथिन गिळले तर पोटात पचून जाते. शिरेतून दिले तर रक्त आणि मेंदू यांमधला अडसर ते ओलांडत नाही.

थेट मेंदूत नळी घालूनही ते देऊन पाहिले आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे पाच रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २००३ मध्ये आले, ते फार आशादायक होते. पण त्यानंतर ३४ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना औषध, काहींना नुसतेच द्रावण दिले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. शिवाय माकडांच्या लहान मेंदूस इजा आढळल्याने २००४ मध्ये कंपनीने औषध बंद केले. आपणास गुण येत होता असे म्हणणारे काही रुग्ण न्यायालयात गेले आणि हरले. कंपनीचे चूक की बरोबर, हे सांगणे आम्हांस सोपे वाटत नाही. त्या रुग्णांच्या जागी आपले आजोबा असते तर?

ब्रिस्टलच्याच पुढील मोठ्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये जाहीर झाला. मेंदूच्या चित्रांत सुधारणा दिसली, पण ठरवलेल्या मुख्य कसोटीवर औषध उतरले नाही. आता प्रथिनाऐवजी त्याचे जनुकच निरुपद्रवी विषाणूमार्फत मेंदूत पोचवून, तेथल्या पेशींकडूनच प्रथिन बनवून घेण्याच्या चाचण्या माणसांवर चालू झाल्या आहेत.