बुडबुडे जागा बदलतात तेव्हा

पसरट ट्रेमध्ये साबणाचे पाणी, त्यात थोडे ग्लिसरीन, आणि पाण्याखाली बुडवलेली इंजेक्शनची सुई. एकसारख्या दाबाने हवा सोडली की सारख्या आकाराचे बुडबुडे वर येतात, एकमेकांना चिकटतात आणि पाण्यावर त्यांचा एकपदरी तराफा तयार होतो. धातूतले अणू कसे रचलेले असतात ते दाखवायला लॉरेन्स ब्रॅग आणि जॉन नाय यांनी 1947 मध्ये हीच युक्ती वापरली होती. सारखे बुडबुडे मधाच्या पोळ्यासारखे षटकोनी बसतात. आम्हाला नेमके तेच टाळायचे होते. म्हणून बारीक आणि जाड अशा दोन सुया लावल्या. लहानमोठे बुडबुडे मिसळले आणि रांगा मोडल्या. काचेतले अणू किंवा वाळूच्या ढिगातले कण असेच असतात: रचना विस्कळीत, तरी एकमेकांना अडवून घट्ट बसलेले.

तराफ्याची एक कड स्थिर ठेवली, समोरची कड मोटरने अगदी सावकाश बाजूला ओढायला घेतली. ओढायला लागणारे बल संगणकाच्या पडद्यावर उमटत होते. सुरुवातीला बुडबुडे नुसते ताणले गेले, आलेख सरळ चढत राहिला.

मी भिंग चार बुडबुड्यांवर धरले. मधले दोघे एकमेकांना टेकलेले, दोन अंगांना आणखी दोघे. मधल्या दोघांची सामाईक कड आखूड होत गेली, संपली, आणि त्याच क्षणी अंगाचे दोघे एकमेकांना भिडले. फेसाचे अभ्यासक याला ‘टी-वन’ म्हणतात. आलेख किंचित खाली आला.

या चौघांनी टाकलेला भार शेजाऱ्यांवर जातो. काही दिशांना ताण वाढतो, काही दिशांना उतरतो. अशा वाटपाचे गणित जॉन एशेल्बी यांच्या 1957 च्या कामातून मिळते. ताण वाढलेल्या बाजूला कुणी घसरायच्या बेतात असेल तर तोही सरकतो आणि पुढच्याला सरकवतो. ही साखळी कधी चौघांवरच थांबते, कधी तराफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते. लहान घसरणी पुष्कळ, मोठ्या मोजक्या. पण सुरुवात दोन्हींची सारखीच दिसते.

ओढ वाढवत गेलो तसा आलेख चढायचा थांबला. करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होत तो एका सरासरीभोवती राहिला. तराफा नमला होता.

मग मोटर मागेपुढे चालवली. झोका लहान असला की काही फेऱ्यांनंतर बुडबुडे सरावतात; प्रत्येक फेरीअखेर जो तो आपापल्या जागी. झोका एका मर्यादेपलीकडे नेला की परतणे संपते. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील श्रीकांत शास्त्री आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये काचेसारख्या पदार्थाच्या संगणकीय प्रतिकृतीत ही सीमा ठळकपणे दाखवली. सीमेच्या आत घसरणी आटोपशीर राहतात. सीमा ओलांडली की नमुना जितका मोठा तितक्या घसरणीही मोठ्या होतात.

धातूच्या काचेत, म्हणजे काचेसारखी विस्कळीत अणुरचना असलेल्या धातूत, हे फार महत्त्वाचे ठरते. ती अतिशय मजबूत असते, पण सगळी घसरण एका पातळ पट्ट्यात एकवटली की अचानक तुटते. म्हणून अशा पदार्थाची ताकद तपासताना तो किती भार पेलतो एवढे विचारून भागत नाही. आत घसरायच्या बेतात आलेले अणूंचे गट किती आहेत आणि ते एकमेकांच्या किती जवळ आहेत, हेही विचारावे लागते.