काट्यांचं कुंपण, जुईचा वास

केकवरची लालभडक चेरी आठवते? आपल्याकडे बेकऱ्यांत मिळणारी ती ‘चेरी’ बऱ्याचदा साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असते! डोंगरची काळी मैना काश्मिरी पाहुणी म्हणून मिरवते आणि आपण ओळखतही नाही.

करवंदाचं घराणं कण्हेर, सदाफुली आणि चाफ्याचं. म्हणून तर फळ तोडलं की देठातून पांढरा चीक येतो आणि ओठ चिकटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये अख्खी जाळी पाच पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलांनी भरते; वास थेट जुईची आठवण करून देणारा. उन्हाळ्यात भोवतालचं गवत वाळून पिवळं पडतं, तेव्हाही पानं हिरवीगार आणि चकचकीत! जाड पानांतून पाणी कमी उडतं, मुळं कातळाच्या फटीतही घुसतात.

काटे म्हणजे खरं तर रूप बदललेल्या फांद्या. गुरं या जाळीच्या वाटेला सहसा जात नाहीत, त्यामुळे तारेच्या कुंपणावर पैसे घालवण्याआधी करवंदाचा विचार जरूर करावा. तार गंजते, जाळी दरवर्षी दाट होते, वर लोणच्याला कच्ची करवंदं देते. त्यांत पेक्टिन भरपूर, त्यामुळे जेलीही छान जमते.

लावायचं कसं? पिकलेल्या फळातलं बी लगेच पेरायचं, कारण वाळवून ठेवलं तर त्याची उगवण झपाट्याने घटते. रोपं पावसाळ्याच्या तोंडावर जमिनीत लावा. पहिले एक-दोन उन्हाळे पाणी द्या, पुढे ती स्वतःचं बघून घेतात. मुरमाड, हलकी जमीन चालते; पाणी साचणारी अजिबात नाही. मोठी फळं हवी असतील तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही जात आहे.

आणि कात्री जपून! फुलं फांदीच्या शेंड्याला येतात. हिवाळ्यात कुंपण नीटनेटकं करायला गेलात, तर वासही गेला आणि फळंही. छाटणी करायची ती फळं उतरल्यावरच.

तर या मे महिन्यात पळसाच्या द्रोणातली करवंदं घ्या, फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळा: आतून लाल तो कोंबडा, पांढरी ती कोंबडी. पण बिया थुंकून टाकू नका, कुंपणाच्या कडेला पेरा.