वादविवादातील जोडीदार

शिक्षकबंधू-भगिनींनो, विहिरीवर मोट चालत असे तो काळ तुमच्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. एकजण मोट हाकी, दुसरा पिकाला बारे देई. दोघांनीही मोटच हाकली असती, तर पाणी वर आले असते. पण वाफे कोरडेच राहिले असते. वादविवादाच्या संघाचेही तसेच आहे.

आपण संघ निवडतो कसा? वर्गातले दोन फर्डे वक्ते उचलतो. दोघांचीही भाषणे पाठ. टाळ्या पडतात, पण प्रतिपक्षाच्या प्रश्नाला उत्तर कोणीच देत नाही. आणि मागच्या बाकावर बसून प्रत्येकाचे बोलणे नीट ऐकणारी एखादी अबोल मुलगी मात्र बाहेर राहते. संघाला गरज असते ती नेमकी तिची!

संसदीय पद्धतीच्या वादविवादात हे चटकन कळते. तिच्या एका प्रकारात दोघादोघांच्या चार जोड्या असतात; दोन सरकार पक्षाच्या, दोन विरोधी पक्षाच्या. विषय अवघा १५ मिनिटे आधी मिळतो आणि प्रत्येकाला ७ मिनिटे बोलायचे असते. तेथे पाठांतर काय कामाचे? पहिल्याने विषयाचा अर्थ ठरवून बाजू उभी करावी. दुसऱ्याने समोरच्यांचे मुद्दे टिपून त्यांना उत्तरे द्यावीत.

समजा, विषय आहे, ‘शाळेत विद्यार्थ्यांजवळ मोबाइल नसावा.’ पहिला म्हणाला, “मोबाइलचा काडीचाही उपयोग नाही.” प्रतिपक्षाने ग्रंथालय नसलेल्या गावातील मुलाचे उदाहरण दिले. दुसरा घाईने म्हणाला, “उपयोग आहे, पण तो घरी करावा.” झाले! आपल्याच जोडीदाराला त्याने खोटे पाडले. म्हणून काय सिद्ध करायचे, काय कबूल करायचे आणि कोणता मुद्दा कोणी मांडायचा, या तीन गोष्टी दोघांनी आधी ठरवाव्यात.

तुम्ही म्हणाल, “आमच्याकडच्या पुष्कळ स्पर्धांत एक अनुकूल बोलतो, दुसरा प्रतिकूल. तिथे जोडी कसली?” अहो, तिथे तर सरावाला पूर्वपक्ष आयताच मिळतो! आपल्या न्यायसूत्रांत सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प आणि स्वतःचे काही न मांडता नुसते खंडन करणे ती वितंडा, असे भेद केले आहेत. जोडीदाराशी सराव करताना वादच करावा.

त्यासाठी एक सोपा अभ्यास सांगतो. एकाने ५ मिनिटे बोलावे. दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगावे. “होय, मला हेच म्हणायचे होते,” असे पहिल्याने म्हटल्यावरच दुसऱ्याने आक्षेप घ्यावा. मग अदलाबदल करावी. फर्ड्या मुलाला ऐकण्याची सवय लागते आणि अबोल मुलीला आपल्या बोलण्याला वजन आहे हे कळते.

ढाल मिळो वा न मिळो. हीच मुले उद्या ग्रामसभेत बसणार आहेत. दुसऱ्याचे ऐकून उत्तर देणारी माणसे तेथे हवीच आहेत. तेव्हा पुढचा संघ निवडताना मागच्या बाकाकडेही एकदा पाहा.