हातांनी बोलणारे गुरू

आषाढी पौर्णिमा ही व्यासपूजेची तिथी. आज घरोघरी गुरूंचे स्मरण होईल, पादुकांवर फुले वाहिली जातील. गुरुतत्त्वाची जी अनेक रूपे आपल्या परंपरेने पूजिली, त्यांत दक्षिणामूर्तीचे रूप आम्हांस विशेष चिंतनीय वाटते. वटवृक्षातळी बसलेला हा आदिगुरू ओठ न हालविता शिकवितो. अंगठा व तर्जनी यांची जुळलेली मुद्रा हेच त्याचे प्रवचन. ज्ञान केवळ कानांवाटेच शिष्यापर्यंत जाते असे नाही, हे आपल्या पूर्वजांनी मूर्तीतच कोरून ठेविले आहे.

आज हे स्मरण करण्यास एक निमित्त आहे. काही ख्रिस्ती कुटुंबे आपल्या मुलांना शाळेत न पाठविता घरीच शिकवितात. अशा मुलांना काय शिकवावे, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही दोन विषय सांगू : एक हातांची भाषा, म्हणजेच सांकेतिक भाषा, आणि दुसरा आपल्या गावाचा इतिहास. हे दोन्ही विषय एकत्रच शिकवावेत, असेही सुचवू. हरिदासाने या विषयात का पडावे, अशी शंका भाविक वाचकांस येईल. तिचे उत्तर नाशिकच्याच मातीत आहे.

घर हीच शाळा

घरी शिकण्याची रीत आपल्याला नवी नाही. वेदाध्ययन गुरुगृहीच होत असे. नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नाहीत. त्यांना अक्षरओळख झाली ती पतीकडून, घरातच. पती नारायण वामन टिळक यांनी संस्कृतचे अध्ययन नाशिकातच गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी केले होते. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पुढे लक्ष्मीबाईंनीही तो स्वीकारला. धर्म बदलला तरी भाषा बदलली नाही. टिळकांनी अभंग रचले आणि ख्रिस्तकथेसाठी कीर्तनाचा आश्रय घेतला. घरी शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहून मराठीला अजोड आत्मचरित्र दिले. १९३६ साली नाशिकातच त्यांचे देहावसान झाले. ख्रिस्ती मुलाला हे कळले, तर मराठी वाङ्मय परक्यांचे आहे असे त्याला कधी वाटणार नाही. हिंदू मुलाला कळले, तर शेजारचे घर त्याला परके वाटणार नाही.

शरणपूरची कथा

शरणपूर रस्त्याने आपण नित्य जातो. त्या नावामागची कथा किती घरांत सांगितली जाते? चर्च मिशनरी सोसायटीच्या मिशनऱ्यांनी १८५४ च्या सुमारास येथे वसाहत उभारली. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रजी आरमार पकडीत असे. त्यांतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांपैकी कित्येकांना येथे आणून अक्षरे व सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे शिकविण्यात आले. आई-बापांपासून तुटलेली, एकमेकांचीही बोली न समजणारी ही मुले गोदावरीच्या काठी वाढली.

त्यांपैकी एक जेकब वेनराइट. प्रवासी लिव्हिंग्स्टन यांच्या साहाय्यार्थ तो आफ्रिकेत गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्याने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडावर स्मृतिलेख कोरला. सोबत्यांनी तो देह शेकडो कोस चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला. १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, त्या वेळी शवपेटीसोबत चालणाऱ्यांत नाशिकात शिकलेला हा तरुण होता. पुढे येथील कित्येक आफ्रिकी मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउनमध्ये जाऊन वसले. ज्यांना स्वतःची अशी भाषाही उरली नव्हती, त्यांना कोणी शिकविले म्हणूनच हा इतिहास घडला.

हातांची भाषा म्हणजे काय

भाषेवाचून राहिलेले मूल आजही आपल्या घरात असू शकते. बहुतेक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आई-बापांच्या पोटी जन्मतात. पहिल्या काही वर्षांत त्यांना कोणतीच भाषा पूर्णपणे मिळाली नाही, तर ती उणीव पुढे भरून काढणे फार कठीण जाते. आरती चालू असते, सारे घर गात असते आणि ते बालक नुसते हालणारे ओठ पाहत उभे असते.

या कामात ख्रिस्ती धर्मगुरूंचा वाटा मोठा आहे. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये पेद्रो पॉन्से या संन्याशाने बधिर मुलांना शिकविले. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये ॲबे द लेपे यांनी बधिरांच्या स्वतःच्या खुणांचा आधार घेऊन शाळा चालविली. मुंबईत बधिरांची शाळा निघाली ती १८८० नंतरच्या दशकात, बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने. मात्र १८८० सालीच मिलान येथील शिक्षकपरिषदेने केवळ ओष्ठवाचन व उच्चार यांचा आग्रह धरला, आणि अनेक दशके कित्येक शाळांतून मुलांचे हात बांधल्यासारखे झाले. हाही इतिहास मुलांना सांगितला पाहिजे.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात एका हाताचे चोवीस व दोन हातांचे तेरा हस्त सांगितले. कीर्तनात आम्हीही हस्ताभिनय करतो. परंतु अभिनय शब्दांच्या मागून चालतो. सांकेतिक भाषेला मात्र शब्दांची गरज नसते, कारण ती स्वतंत्र भाषा असून तिला स्वतःचे व्याकरण आहे. भारतीय सांकेतिक भाषेत क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी येते आणि प्रश्नवाचक खूण त्याच्याही नंतर : तू, घर, जाणे, केव्हा. भुवया आणि चेहरा हेही त्या व्याकरणाचेच अंग. तिच्या अधिकृत कोशात २०२१ सालापर्यंत दहा हजार संज्ञांचा समावेश झाला. त्याच वर्षी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या माध्यमिक पातळीवर ती भाषाविषय म्हणून मान्य झाली. घरी शिकणाऱ्या मुलांना याच विद्यालयाची परीक्षा देता येते.

एकत्र कसे शिकवावे

ही भाषा अवकाशात उभी राहते. सांगणारा डावीकडे नाशिक ठेवतो, उजवीकडे आफ्रिका, मध्ये समुद्र. मग जेकब इकडून तिकडे गेला हे हातच दाखवितात. प्रत्येक व्यक्तीला तिच्या एखाद्या विशेषावरून खुणेचे नाव मिळते. सनावळी बोटांवर येते. अशा रीतीने सांगितलेला इतिहास ऐकणाऱ्या मुलाच्याही चित्तावर ठसतो, कारण तो सांगण्यासाठी आधी डोळ्यांपुढे आणावा लागतो. मात्र शिकविणारा शक्यतो स्वतः कर्णबधिर असावा. ज्याची ती भाषा, तोच तिचा खरा गुरू. हातांनी बोलल्यास मुलाचे बोलणे खुंटते हा समज निराधार आहे, हेही पालकांनी ध्यानी घ्यावे.

असो. हे केवळ ख्रिस्ती घरांसाठी नाही. आज गुरुपूजनानंतर आपणही मुलाबाळांसह 'नमस्कार', 'पाणी', 'ये, बस' एवढ्या चार खुणा तरी जाणकाराकडून शिकून घेण्याचा संकल्प करावा. घरात, आळीत, देवळाच्या ओवरीत एखादे बालक बोलणाऱ्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत असेल. त्याच्याशी बोलण्यासाठी आपले हात मोकळे व्हावेत, हीच आज व्यासचरणी प्रार्थना.