जुन्या मुंबईतील पागडीचे घर : हक्क आणि जबाबदारी

पायधुनीपासून सी. पी. टँकपर्यंतचा मुंबईचा भाग बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असला, तरी जैन व्यापारी कुटुंबांच्या दृष्टीने ती केवळ बाजारपेठ नाही. झवेरी बाजार, मूळजी जेठा मार्केट, काळबादेवी, भुलेश्वर या परिसरात खाली पेढी आणि वर घर अशी राहणी अनेक पिढ्या चालत आली. मंदिर चार पावलांवर आणि उपाश्रय गल्लीच्या टोकाला असल्याने सकाळची पूजा, चातुर्मासातील व्याख्यान, साधू-साध्वींची गोचरी हे सारे दिनक्रमात सहज सामावत असे. सूर्यास्तापूर्वी दुकानातून वर येऊन जेवण करता येणे ही चौविहार पाळणाऱ्या व्यापाऱ्यासाठी मोठी सोय होती. उपनगरातून रोज लोकलने ये-जा करणाऱ्याला तिचे मोल अधिक कळते.

या वस्तीला मोठा इतिहास आहे. १८०३ साली किल्ल्याच्या आत भीषण आग लागली आणि त्यानंतर एतद्देशीय व्यापाऱ्यांची वस्ती तटाबाहेर झपाट्याने वाढली. पायधुनीचे गोडीजी पार्श्वनाथ मंदिर आणि १८३४ मध्ये भुलेश्वरला सुरू झालेली पांजरापोळ ही त्या शतकाची ठेव आजही उभी आहे. शेठ मोतीशा यांच्यासारख्या श्रावकांनी याच शहरात व्यापार केला आणि मंदिरेही उभारली.

आज येथे दोन प्रवाह दिसतात. अनेक कुटुंबे बोरिवली, घाटकोपर, मुलुंडला स्थिरावली आणि त्यांची जुनी घरे बंद आहेत. दुसरीकडे पेढीजवळ, मंदिराजवळ राहावे या इच्छेने काही जण याच भागात घर शोधत आहेत. आता काळबादेवीला मेट्रोचे स्थानक झाल्याने ही ओढ वाढलीही असेल. मात्र घर ठेवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही एक प्रश्न आधी विचारला पाहिजे : हातात नेमके काय आहे?

मालकी नव्हे, भाडेकरूचा हक्क

या भागातील पुष्कळशी जुनी घरे पागडीची आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने अनेक घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडे नगण्य राहिले आणि घराची खरी किंमत पागडीच्या रूपाने वसूल होऊ लागली. त्या कायद्यानुसार पागडी घेणे गुन्हा होता, म्हणून हे व्यवहार रोखीने आणि पावतीविना होत. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने ही स्थिती बदलली. हक्क सोडताना वा हस्तांतरित करताना भाडेकरूने आणि त्यास संमती देताना घरमालकाने मोबदला घेणे आता कायदेशीर आहे. व्यवहारात मालकाचा वाटा बहुधा एक तृतीयांशाच्या आसपास ठरतो.

तरीही पागडीने मिळतो तो भाडेकरूचा हक्क. जमीन आणि इमारत घरमालकाचीच राहते. याचे परिणाम दूरवर जातात. तारण ठेवण्यासारखी मालकी नसल्याने बहुतेक बँका अशा घरासाठी गृहकर्ज देत नाहीत. बहुतांश रक्कम स्वतःच्या शिलकीतून उभी करावी लागते आणि पेढीच्या भांडवलाला हात घालण्याचा मोह होतो. मंदीच्या वर्षी तेच भांडवल व्यापाराला कमी पडते. हा हिशेब सौद्यापूर्वीच मांडला पाहिजे.

बंद दाराचा धोका

जुने घर बंद ठेवून उपनगरात राहणाऱ्या कुटुंबांनी एक तरतूद विशेष ध्यानात ठेवावी. ज्या कारणासाठी जागा घेतली, त्यासाठी ती सबळ कारणाविना सलग सहा महिने वापरली नाही, तर घरमालक ताब्यासाठी दावा करू शकतो. राहत्या खोलीत कापडाच्या गाठी वा मालाची खोकी रचून ठेवणे म्हणजे ‘वापर’ नव्हे. उलट वापर बदलल्याचा मुद्दा मालकाच्या हाती जातो. शिवाय जुन्या लाकडी तुळयांवर तो भार धोकादायक असतो.

वारसाचा प्रश्नही असाच नाजूक आहे. भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत त्या घरात राहणाऱ्या कुटुंबीयाला कायदा प्राधान्य देतो. तसा कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो आणि त्यांच्यात एकमत नसेल तर न्यायालय निर्णय करते. वृद्ध आई भुलेश्वरला एकटी आणि तिन्ही मुलगे उपनगरात, असे चित्र अनेक घरांत आहे. मृत्युपत्रात घर एका मुलाच्या नावे लिहिले की काम झाले, असा समज असतो. परंतु भाडे कायद्याने संरक्षित असलेला भाडेकरू हक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली जुन्या कायद्याच्या संदर्भात स्पष्ट केले आहे. म्हणून आई हयात असतानाच भावंडांनी एकत्र बसून, वकिलाच्या सल्ल्याने, घरमालकाच्या लेखी संमतीसह मार्ग ठरवणे हिताचे. हे बोलणे अवघड असते, पण न बोलल्याने पुढे भावाभावांतील बोलणेच थांबते.

पुनर्विकासाची आशा

पागडीचे घर घेण्यामागे पुनर्विकासाची आशाही असते. १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारती म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाच्या कक्षेत येतात. आरंभी त्यांची संख्या १९,६४२ होती. विकास नियमावलीतील ३३(७) खाली पुनर्विकास झाल्यास पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर मालकी हक्काने मिळते. परंतु १३ जून १९९६ नंतर नव्याने निर्माण केलेली भाडेकरूची नोंद यासाठी धरली जात नाही. मोठी खोली दोन भावांत विभागून नंतर दोन पावत्या करून घेतल्या, तर दोन घरे मिळतील ही अपेक्षा त्यामुळे फोल ठरू शकते. घेणाऱ्याने पावती मुळात कधीची आहे हे म्हाडाच्या नोंदींशी ताडून पाहावे.

आशेच्या भरात इमारतीची प्रकृती विसरू नये. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जणांचा मृत्यू झाला. पावसाळ्यापूर्वी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. त्या यादीत नाव आहे का, हे पाहण्यास खर्च येत नाही. नाव नसले तरी लाकडी खांब, जिना, शौचालयालगतच्या भिंती अभियंत्याकडून तपासून घ्याव्यात. तळमजल्यावरच्या दुकानांनी भिंती काढल्या आहेत का, हेही पाहावे.

व्यवहार स्वच्छ असावा

सौदा करताना मूळ करार, सलग वर्षांच्या भाडेपावत्या, वीजबिल, उपकराचा वर्ग आणि विकणाऱ्याच्या सर्व वारसांची संमती तपासावी. मालक सार्वजनिक न्यास असल्यास विश्वस्त मंडळाचा ठराव मागावा. करार लेखी व नोंदणीकृत असावा, मुद्रांक शुल्क भरलेले असावे आणि नवी पावती खरेदीदाराच्या नावे निघाल्याशिवाय अखेरचा हप्ता देऊ नये.

एका व्यवहारापोटी दोन लाख रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची बंदी आहे. हक्क विकणाऱ्यास भांडवली नफ्यावरील कराचाही विचार करावा लागतो. सनदी लेखापालाचा सल्ला त्यासाठी आधीच घ्यावा. पूर्वी कायदाच आडवा येत असल्याने रोखीची सबब सांगितली जाई. आज ती उरलेली नाही. अचौर्य व्रताची चर्चा व्याख्यानात ऐकणाऱ्या समाजाने घराचा पाया तरी हिशेबी आणि उघड ठेवावा.

दिवाळीत चोपडापूजनाच्या निमित्ताने पेढीचे हिशेब तपासले जातात. त्याच दिवशी जुन्या घराची फाईलही उघडावी : पावती कोणाच्या नावे आहे, शेवटचे भाडे कधी भरले, घरात कोण राहते आणि पुढे कोण राहणार. चार भावंडांच्या समोर या चार प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवली, तर आजोबांनी मंदिराच्या सावलीत मिळवलेले घर पुढील पिढीला वादाविना मिळेल.